बेकिंगवेड्या बाबांना सत्तरीला काय द्यावं?

इंदूरची_सून

नमस्कार मंडळी,

जानेवारीत सासऱ्यांची भीमरथी शांत आहे. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलंय, पण ते पाहुण्यांसाठी. आम्ही घरचे मिळून बाबांना एक चांगली वस्तू द्यायची म्हणतोय. बजेट दहा-बारा हजार, ताणलं तर पंधरा.

बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि बेकिंगला लागले. आधी नानखटाई, मग केक (बिनअंड्याचे, आईंना अंडं चालत नाही), आणि आता ब्रेड. आठवड्यातून दोनदा तरी लादीपाव नाहीतर ब्रेड होतोच, अर्धा शेजारी जातो. घर इंदूरच्या रामबागेत, जुनं. स्वयंपाकघर चिंचोळं, ओटा लहान. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, ओट्यावरचा विजेचा ओव्हन) इतका जुना की बटणावरचे आकडे पुसले गेलेत, बाबा अंदाजाने फिरवतात. मापं म्हणजे एक स्टीलची वाटी आणि कान तुटलेला चहाचा कप.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मोठे दीर न्यू जर्सीला असतात, डिसेंबरअखेर येतायत. ते म्हणतात तिथून पीठ मळायचा मोठा स्टँड मिक्सर आणतो. नणंद पुण्याला, तिला सिलिकॉनचे साचे आणि आयसिंगचा संच द्यायचाय. नवरा म्हणतो नवा साठ लिटरचा ओटीजी घेऊन टाकू. मला यातलं काही कळत नाही, मी फक्त खाते. बाबांना विचारलं तर "मला काही नको, तुम्ही सगळे आलात की झालं."

जाणकारांनी मदत करा.

सराफ्यातला_उपाशी

आधी बाबांच्या घराचा पत्ता द्या, मग सुचवतो.

बाकी वाचतोय.

वायरमन_नाही_इंजिनियर

दिरांना आजच फोन करा.

अमेरिकेत घेतलेला मिक्सर तिथल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. नुसती पिन बदलून लावला तर मोटर जळणार. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून लोकांना वाटतं सगळंच चालतं. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो वेगळा घ्यायचा, तो जड, त्याला ओट्यावर जागा हवी, आणि फ्रीक्वेन्सी ५० ची ५० च राहते. वर तिकडची वॉरंटी इथे उपयोगाची नाही. मिक्सरच द्यायचा असेल तर इथे मिळणारा २२०-२४० व्होल्टचा घ्या. बॅगेतलं वजन लोणच्याला ठेवा, म्हणजे परत जाताना.

आता साठ लिटरचा ओटीजी. असे मोठे ओटीजी साधारण २००० वॅटचे असतात. २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपियर. रामबागेतल्या जुन्या घरांत ओट्यावरचा प्लग बहुतेक ६ अँपियरचा. तिथे तासभर तो चालवायचा, तोही ब्रेडसाठी पूर्ण आचेवर, म्हणजे सॉकेट वितळायचं आमंत्रण. गीझरला लागतो तसा १६ अँपियरचा पॉइंट लागेल, त्याला जाड वायर मेन बोर्डापासून ओढावी लागेल. एक्स्टेन्शन बोर्डाचा विचार मनात आणू नका. रच्याकने (म्हणजे जाता जाता), सध्याचा ओटीजी कुठल्या प्लगवर आहे तेही एकदा बघा.

मैदानात_मैदा

मस्त धागा. मी सुदामानगरात घरून केक-ब्रेडच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे राहवत नाही.

बेकिंग करणाऱ्याला लोक काय देतात? कुकी कटर. हृदयाच्या आकाराचे, ख्रिसमस ट्रीच्या आकाराचे, एकदा तर डायनासोर. माझ्याकडे एक डबा भरून आहेत आणि मी कुकीज सुरीने चौकोनी कापते, कारण त्यात पीठ वाया जात नाही. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा की बाबा प्रत्यक्षात काय करतात आणि करताना कुठे अडतात? तुम्ही सांगितलंय त्यावरून ते अंदाजाने तापमान लावतात आणि वाटीने मापतात. अडचण तिथेच आहे, आणि तिच्यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे.

एक, डिजिटल वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो झेपणारा, हजाराच्या आत मिळतो. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून भरला तर १४०-१५०. चार कपांच्या ब्रेडमध्ये हा फरक शंभर ग्रॅमवर जातो. मग एकदा ब्रेड मऊ होतो, एकदा वीट होते, आणि माणूस यीस्टला शिव्या देतो. शिवाय कप म्हणजे नेमका कुठला कप? अमेरिकन २४० मिली, मेट्रिक २५०. बाबांचा कान तुटलेला किती, देव जाणे.

तुमचे बाबा बँकेतले ना? मग त्यांना बेकर्स पर्सेंटेज फार आवडेल. यात मैदा नेहमी १००%. बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. पाणी ६२%, मीठ २%, इन्स्टंट यीस्ट १%. म्हणजे ५०० ग्रॅम मैद्याला ३१० पाणी, १० मीठ, ५ यीस्ट. उद्या पाहुणे वाढले, ८०० चा करायचा, तर कॅल्क्युलेटरची गरज नाही. आयुष्यभर व्याज काढलेला माणूस हे तोंडी करेल आणि तुम्हालाही ऐकवेल.

दोन, ओव्हन थर्मामीटर. ओटीजीच्या आत जाळीवर ठेवायचा किंवा टांगायचा, सेल वगैरे काही नाही. तीनशे ते सातशे रुपये. घरगुती ओटीजी १८० वर लावला तर आत १६० असू शकतं किंवा २०५. नवा ओटीजीसुद्धा. आतली कॉइल बंद-चालू होत असते, त्यामुळे एकदा आकडा बघून निष्कर्ष काढायचा नाही. रिकामा ओव्हन वीस मिनिटं तापवून, मग थोड्या थोड्या वेळाने बघत सरासरी धरायची. आकडे पुसलेल्या बटणाला कागदाची पट्टी चिकटवून नवे आकडे लिहिता येतात. माझ्या ओळखीत कित्येकांनी ओटीजी खराब म्हणून बदलायला काढला होता, त्यांचं काम थर्मामीटरवर भागलं.

हे दोन्ही मिळून दीड हजारात बसतं. भेट म्हणून छोटं दिसेल, माहीत आहे. पण त्याच्याइतकं वापरलं काही जाणार नाही.

टिळकपथ

+१ काटा आणि थर्मामीटर.

इंदूरची_सून

बापरे, इतके प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद.

दिरांना फोन केला. ते आधी म्हणाले "ट्रान्सफॉर्मर आणू", मग त्याचं वजन कळल्यावर गप्प झाले.

आज बाबा बँकेत पेन्शनच्या कामाला गेले होते तेव्हा स्वयंपाकघरात हेरगिरी केली. ओटीजी मागच्या शिक्क्यावरून २८ लिटरचा आहे. आत टेपने मोजलं: रुंदी ३४ सेंटीमीटर, खोली ३०. प्लग फ्रिजशेजारचा, जाड पिनेचा आहे, इंजिनियर साहेब. ब्रेडचा टिन काळा, आतलं कोटिंग निघालंय. लादीपावासाठी बाबा कुकरचं भांडं वापरतात! बटर पेपर किराण्याच्या दुकानातला. पीठ कापायला वाटतं उलथनं. फुगायला ठेवतात ते पातेलं आईंच्या जुन्या शालीत गुंडाळलेलं सापडलं, आत गोळा होताच. मी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं, कृपया कोणी त्यांना सांगू नका.

मैदानात_मैदा

उत्तम हेरगिरी. आता तुमची यादी आपोआप तयार झाली.

कोटिंग निघालेला टिन फेकाच. त्याच्या जागी बिनकोटिंगचा, जाड ॲल्युमिनियमचा चांगला ब्रेड टिन, ८ बाय ४ इंच. अर्धा किलो मैद्याच्या थोड्या आतल्या ब्रेडला बरोबर. काळा टिन उष्णता जास्त ओढतो, कडा लवकर करपतात. त्यात भाजताना १०-१५ अंश कमी ठेवावे लागतात, आणि हे कुणी सांगत नाही. लादीपावासाठी चौकोनी आठ इंची टिन, दोन इंच उंच.

३४ बाय ३० मध्ये आठ इंची टिन आरामात बसतो. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोकळे राहिले पाहिजेत, हवा फिरायला. लोक हौसेने बारा इंची ट्रे घेतात, तो भिंतींना टेकतो, खालचा भाग करपतो आणि वरचा पांढरा.

बर्तन बाजारात हे टिन वजनावर मिळतात. नखाने टिचकी मारून बघा, पातळ पत्रा लगेच कळतो.

बटर पेपरच्या जागी बेकिंग पार्चमेंटचा मोठा रोल द्या. किराण्यातला बटर पेपर बरेचदा मेणाचा असतो, ओव्हनमध्ये धुरावतो.

आणि उलथन्याच्या जागी बेंच स्क्रेपर! स्टीलचं चौकोनी पान, वर लाकडी मूठ. दीडशे-दोनशे रुपये. पीठ कापतो, उचलतो, ओटाही खरवडतो. तुमच्या सासूबाई त्यासाठी जास्त आभार मानतील.

बडोद्याचा_बाळ

इथे बडोद्याहून डोकावतोय, चालेल ना? दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही एक बेकर आहे, माझी बायको.

नणंदबाईंच्या सिलिकॉन साच्यांबद्दल. बर्फी, चॉकलेट, आइस्क्रीम यांसाठी छान. केक-ब्रेडला नाही. सिलिकॉन उष्णता सावकाश पोहोचवतं, त्यामुळे ब्रेडला तांबूस कवच येतच नाही. भरलेला साचा उचलताना मध्ये वाकतो, त्याच्याखाली ट्रे धरावा लागतो. सत्तरीच्या माणसाने गरम ओव्हनमधून डुगडुगणारा साचा काढणं बरं नाही.

पण नणंदेला नकार द्यायचा नसेल तर एक मार्ग आहे. धातूचा बंट टिन, मध्ये नळी असलेला, फुलासारख्या घड्या पडलेला. दिसायला देखणा, म्हणजे नणंदबाईंची हौस भागते, आणि उपयोगी. बिनअंड्याचा केक जड असतो, बाहेरून भाजला तरी मध्ये गिच्च राहतो. मधल्या नळीमुळे आतूनही आच लागते. हा टिन मिनिआपोलिसच्या नॉर्डिक वेअर कंपनीचे डेव्हिड डॅल्क्विस्ट यांनी १९५० मध्ये तिथल्या ज्यू बायकांच्या सांगण्यावरून केला. त्यांना त्यांच्या युरोपातल्या जुन्या मातीच्या-बिडाच्या साच्यांसारखा हवा होता. बरीच वर्षं तो फार खपला नाही. १९६६ च्या पिल्सबरी बेक-ऑफ स्पर्धेत त्यात केलेल्या चॉकलेट केकला दुसरं बक्षीस मिळालं आणि मग सगळ्या अमेरिकेने दुकानं रिकामी केली. पहिलं बक्षीस कशाला, हे कुणाच्या लक्षात नाही!

फक्त घ्यायचा तो सहा किंवा आठ कपांचा. दहा-बारा कपांचा २८ लिटरच्या ओटीजीत बसेल, पण वरची कॉइल त्याच्या डोक्यावर येईल.

कटुसत्य

सत्तरीत मैदा, साखर, लोणी. त्यापेक्षा त्यांना चालायचे बूट द्या.

टिळकपथ

आले!

इंदूरची_सून

कटुसत्य, बाबांची शुगर नॉर्मल आहे, आणि ते रोज सकाळी नेहरू पार्कपर्यंत चालत जातात. बूट मागच्या वर्षी दिले.

मैदानात_मैदा

कटुसत्यांचं अगदीच टाकून देऊ नका, त्यातून एक भेट निघते. बाबांना सिहोरकडच्या शरबती गव्हाचा चांगला आटा द्या आणि अर्धा मैदा काढून अर्धा आटा घालून बघू दे. फक्त चक्कीवर दळलेला आटा पाणी जास्त पितो. मैद्याला ६२% असेल तर मिश्रणाला ६८-७० लागेल, आणि मिसळून अर्धा तास झाकून ठेवायचं, मग मळायचं. कोंडा भिजल्यावर पीठ आपोआप ऐकू लागतं. मालव्यात राहून शरबतीचा ब्रेड नाही केला तर काय केलं!

पोहे_आणि_शेव

भिया, ब्रेडवाल्यांनो, एक सांगून ठेवतो. डच ओव्हन म्हणजे बिडाचं झाकणवालं जाड भांडं, त्यात ब्रेड असा काय होतो की विचारू नका. ब्रेडची स्वतःचीच वाफ आत कोंडते, त्यामुळे कवच लवकर कडक होत नाही, ब्रेड फुलायला वेळ मिळतो, आणि शेवटी झाकण काढलं की कुरकुरीत. मी स्वतःला दिवाळीला घेतलं. पाच लिटरचं. बाबांना हेच द्या, डोळे मिटून.

वायरमन_नाही_इंजिनियर

पाच लिटरचं बिडाचं भांडं रिकामं पाच किलोच्या आसपास. ते २३० अंशाला तापलेलं, खाली वाकून, ओटीजीच्या छोट्या दारातून काढायचं. सत्तरीत. डोळे उघडून विचार करा. शिवाय २८ लिटरमध्ये झाकणाच्या मुठीसह उंची बसते का, तेही मोजा. बसलं तरी वरच्या कॉइलला लागेल.

पोहे_आणि_शेव

हौ, हे बरोबर. माझा ओव्हन मोठा आहे, म्हणून डोक्यात आलं नाही.

मग झाकणाचा ब्रेड टिन? सरकतं झाकण असतं त्याला. आत वाफही कोंडते आणि ब्रेड चौकोनी निघतो, सँडविचला बेस्ट. वजन काही नाही.

मैदानात_मैदा

झाकणाचा टिन, अनुमोदन. आणि सोबत कोपरापर्यंतचे जाड ओव्हन मोजे. ओटीजीत हात घातला की मनगटाची वरची बाजू वरच्या कॉइलला लागते, प्रत्येक बेकरच्या मनगटावर तो डाग असतो. दुकानातले फुलाफुलांचे पातळ मोजे नकोत. आतून कापसाचा जाड थर हवा, आणि ओले कधीच वापरायचे नाहीत, ओल्या कापडातून चटका लगेच बसतो.

जुनी_इंदूरकर

वाचताना सगळं आठवलं. आमच्या लहानपणी कुठला ओटीजी? गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, झाकणावर काचेची खिडकी, वायर कापडी. त्यात केक चढवला की आम्ही भावंडं त्या काचेवर डोकी आपटत बसायचो. त्याआधी तर उन्हाळ्यात मैदा, तूप, साखर पिशवीत घेऊन बेकरीत जायचं. तिथला माणूस पीठ मळून, यंत्रातून काढून, भट्टीत भाजून द्यायचा. डालड्याच्या पत्र्याच्या डब्यात गरम बिस्किटं भरून सायकलला अडकवून आणायची. रस्त्यात निम्मा थर खाली जायचा.

मालव्यात बाटीचा गॅसवरचा ओव्हन तर घरोघरी असतो, त्यातही माझ्या वहिनी केक करायच्या. खालून फार आच लागते म्हणून जाळीवर वाळूची थाळी ठेवायच्या.

हे भेटवस्तूत बसत नाही, पण लिहावंसं वाटलं. तुमच्या बाबांच्या वयाचे लोक त्या गोल ओव्हनपासून आलेत. त्यांना फार चकचकीत नको असतं.

सराफ्यातला_उपाशी

काकू, बिस्किटांसाठी वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देतो.

रच्याकने, बाफला (बाटीचाच भाऊ) आधी हळदीच्या पाण्यात उकळतात आणि मग भाजतात. न्यू जर्सीच्या दिरांना सांगा, तिकडचा बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल ब्रेड, तोही असाच आधी उकळून मग भाजतात. बाबांनी बेगल केले तर रामबागेत कुणाला नवल वाटायचं नाही, फक्त बरोबर डाळ मागतील.

ग्वाल्हेरची_थंडी

कार्यक्रम जानेवारीत ना? तुमच्याकडेही रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. आमच्या ग्वाल्हेरला त्याहून खाली. या दिवसांत यीस्ट झोपतं. उन्हाळ्यात पाऊण तासात दुप्पट होणारं पीठ अडीच-तीन तास घेतं. शालीत गुंडाळणं चूक नाही, पण शाल उष्णता तयार करत नाही, आहे तेवढी धरून ठेवते.

बंद ओटीजीत पीठाचं पातेलं आणि शेजारी उकळत्या पाण्याचा वाडगा ठेवायचा, दार लावायचं. अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. २७-२८ अंश सहज मिळतात. ओटीजी चालू करायचा नाही हे दारावर चिठ्ठी लावून लिहा, नाहीतर घरातलं दुसरं कुणीतरी तापवायला लावतं.

यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. पण काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची सरळ कडांची उंच बरणी देऊ शकता. पीठ कुठवर होतं त्या रेघेला रबर बँड लावला की दुप्पट झालं की नाही ते दिसतं. पातेल्यात काही कळत नाही, आणि सारखं झाकण उघडून बघणारे लोकही असतात (धागाकर्ती, तुमच्याकडे बघून म्हणतेय).

इंदूरची_सून

पकडले गेले!

एक विचारायचं राहिलं. मिक्सरचा विषय दिरांच्या मनातून जात नाहीये. आता म्हणतात इथलाच घेऊ, जास्तीचे पैसे मी घालतो. बाबांचे हात कधीकधी दुखतात हे खरं. काय करावं?

मैदानात_मैदा

माझ्याकडे आहे, आणि मी त्याशिवाय एक दिवस काढू शकत नाही. पण मी दिवसाला चार-पाच किलो पीठ मळते. दोन ब्रेडसाठी तो दहा मिनिटं चालेल आणि उरलेला आठवडा तुमच्या चिंचोळ्या ओट्याचा एक हात खाऊन बसेल. सात-आठ किलोचा असतो, रोज कपाटातून काढून ठेवणं होणार नाही. आणि चांगला घ्यायचा तर तुमचं सगळं बजेट एकट्यावर जातं. स्वस्तातले बरेच क्रीम फेटायला ठीक, ब्रेडच्या घट्ट पिठाला मोटर गरम होऊन बंद पडते.

बाबांना मळायला आवडतं का? हे विचारा. की नाइलाजाने मळतात?

इंदूरची_सून

न विचारताच सांगते. रेडिओ लावतात, बाह्या सरसावतात, आणि मळताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. आईसुद्धा तेव्हा स्वयंपाकघरात जात नाहीत.

मैदानात_मैदा

मग तोच त्यांचा खेळ आहे. तो मशीनला देऊन टाकू नका.

हात दुखत असतील तर मळायचं कमी करायची युक्ती द्या. पीठ-पाणी मिसळून वीस-तीस मिनिटं ठेवायचं, मग मीठ-यीस्ट घालून थोडंच मळायचं, आणि पुढच्या दीड तासात तीन-चार वेळा पिठाची कड ओढून मध्ये दुमडायची. ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देतं ते) वेळेने तयार होतं, ताकदीने नाही.

टिळकपथ

थोडा असहमत. माझ्या आईलाही मळायला आवडायचं, संधिवात झाल्यावर ब्रेडच बंद झाला. आम्ही मिक्सर आणल्यावर परत सुरू झाला. आज आवड आहे म्हणून मिक्सर नको हे पटतं, पण दिरांना सांगा की पैसे बाजूला ठेवा. वेळ येईल तेव्हा घ्या, तेव्हा तो सुटका वाटेल.

बडोद्याचा_बाळ

हे पटलं.

खायच्या-घालायच्या वस्तूंबद्दल कुणीच बोललं नाही? माझ्या बायकोला सगळ्यात आवडलेली भेट म्हणजे चांगला कोको आणि खरं चॉकलेट. स्वतःच्या पैशाने माणूस ते घेत नाही, चारशे रुपयांच्या पाकिटाकडे बघून परत ठेवतो.

चॉकलेट घेताना मागची घटकयादी बघा. कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड. वितळवायला सोपं, पण जिभेवर मेणासारखं बसतं. खरं कोको बटर ३४ अंशाच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात विरघळतं. म्हणूनच ते मे महिन्यात कुरिअरने मागवू नये, वितळून परत गोठलं की वर पांढरट बुरशीसारखी साय दिसते. बुरशी नसते ती, कोको बटर वर येतं. जानेवारीत बिनधास्त मागवा.

व्हॅनिला: दुकानातलं इसेन्स बहुतेक कृत्रिम व्हॅनिलिनचं. खरं एक्स्ट्रॅक्ट म्हणजे शेंगा मद्यार्कात मुरवलेल्या. केरळ-कर्नाटकात व्हॅनिलाची शेती होते, तिथल्या शेंगा मिळतात. घरी मुरवायचं तर शेंगा चिरून व्होडकात दोन-तीन महिने ठेवायच्या.

पोहे_आणि_शेव

भीमरथी शांतीच्या घरात व्होडकाची बाटली! गुरुजी संकल्प सोडता सोडता थांबतील.

बडोद्याचा_बाळ

म्हणूनच नुसत्या शेंगा द्या. साखरेच्या बरणीत खुपसून ठेवल्या की साखरेला वास लागतो, ती नानखटाईत छान लागते. शांत निर्विघ्न पार पडेल.

वायरमन_नाही_इंजिनियर

अजून एक छोटी वस्तू सुचवतो. खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. ब्रेडच्या पोटात टोचायचा, ९३ ते ९६ अंश आलं की भाजला. वरचा रंग फसवतो, हा फसवत नाही. पाचशे-सातशे रुपये.

तो बरोबर आहे का बघायला उकळत्या पाण्यात धरा. पण १०० ची वाट बघू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशालाच उकळतं. ९८ दाखवला तर थर्मामीटर बरोबर आहे, परत करायला जाऊ नका.

जुनी_इंदूरकर

हे मला आजवर माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथला चहा पितेय.

इंदूरची_सून

मंडळी, काल रात्री व्हिडिओ कॉलवर सगळ्यांचं ठरलं.

काटा आणि दोन्ही थर्मामीटर आमच्याकडून. झाकणाचा ब्रेड टिन, लादीपावाचा चौकोनी टिन, स्क्रेपर, पार्चमेंट हे नवऱ्याला बर्तन बाजारात पाठवून. त्याला साठ लिटरचं दुःख होतं, पण टिचकी मारून पत्रा ओळखायचं काम दिल्यावर खूश झाला. नणंद आठ कपांचा बंट टिन आणि लांब मोजे आणतेय. दीर कोको, चॉकलेट आणि व्हॅनिलाच्या शेंगा आणतील, मिक्सरचे पैसे टिळकपथ म्हणाले तसे बाजूला. मी सियागंजातून सुकामेवा आणि यीस्टची पाकिटं, आणि पाच किलो शरबती. उंच बरणीही. सगळं एकाच पेटीत घालायचं ठरलंय. बजेटच्या आत बसतंय, चक्क उरतायत.

बेकर्स पर्सेंटेजचा तक्ता मी छापून घेणार आहे, मोठ्या अक्षरांत. आमच्या आईंनी मात्र एकच विचारलं, "हे सगळं ठेवणार कुठे?"

मैदानात_मैदा

टिन एकात एक बसतात, फार जागा लागत नाही. बंट टिन नाही बसत. तो भिंतीला टांगा.

काटा घेताना एक बघा: किती वेळाने आपोआप बंद होतो. काही काटे दोन मिनिटांत झोपतात. बाबा मैदा ओतून पाणी आणायला वळले की आकडा गेला, परत पहिल्यापासून. दुकानातच भांडं ठेवून थांबून बघा. आकडे मोठे आणि उजळ हवेत, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही. तबकडी लहान नको, नाहीतर मोठ्या परातीखाली आकडा दिसतच नाही. आणि सेल घालूनच पेटीत ठेवा.

वायरमन_नाही_इंजिनियर

आणि ते सेल चपटे गोल असतील तर एक जादा पाकीट. रविवारी रात्री रामबागेत ते कुठेच मिळत नाहीत.